नॅम घरी करताना: चियांग माईतल्या नोंदी

नॅम म्हणजे डुकराचा बिनचरबीचा खिमा, उकडलेल्या कातडीचे बारीक तुकडे, शिजवलेला चिकट भात, लसूण आणि मीठ एकत्र मळून, हवा लागू न देता आंबवलेलं थाई मटण. उत्तर थायलंडात, म्हणजे मी राहतो तिथे, याला चिन सोम म्हणतात. लाओसचं सोम मू आणि व्हिएतनामचं नेम चुआ याच जातीतलं. वरोरोत बाजारात दर दुसऱ्या दुकानात मिळतं, तेव्हा घरी करायची गरज काहीच नव्हती. पण मी वसईचा. आमच्याकडे डुकराच्या मटणाला आंबटपणा व्हिनेगरचा. आंबट काहीही न घालता मटण आपलं आपण आंबट होतं म्हटल्यावर हात शिवशिवायला लागले.

ही कच्च्या मटणाची गोष्ट आहे, त्यामुळे करून बघणाऱ्याने १० जानेवारीची नोंद आधी वाचावी, मग बाकीचं.

७ डिसेंबर

मुआंग माई बाजारात पहाटे गेलो. मांडीचं मटण १ किलो, १५५ बाट. कातडी अर्धा किलो, ३५ बाट. छोट्या पाकळ्यांचा थाई लसूण घेतला. सोलताना नखं दुखतात, पण मोठ्या पाकळ्यांच्या लसणाला तो वास नाही. चिकट तांदूळ घरात होता.

नायट्राइटचं मीठ बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळालं. इथे ते प्रेक पावडर या नावाने मागायचं. पाकिटावरची टक्केवारी वाचल्याशिवाय घेऊ नका. माझ्या पाकिटात सोडियम नायट्राइट ६.२५ टक्के आहे, उरलेलं साधं मीठ. हे प्रमाण वेगळं असेल तर खालचे सगळे आकडे निरुपयोगी, आणि शुद्ध नायट्राइट हाती लागलं तर जिवाशी खेळ. २०२२ च्या सुरुवातीला थायलंडच्या वेगवेगळ्या प्रांतांत सॉसेज खाऊन मुलं आजारी पडली होती. नायट्राइट जास्त झालेलं. रक्त प्राणवायू वाहून नेईना, ओठ निळे पडले. तरीही ते वगळायचं नाही असं ठरवलं, कारण हवाबंद पिशवीत ऊबेला ठेवलेलं कच्चं मटण ही बोट्युलिझमच्या (जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूंना हवी तशी जागा.

८ डिसेंबर

कातडी दीड तास उकळली. मऊ व्हावी म्हणून. झाली, पण इतकी की सुरी लावली तर तुकडे पडायच्या ऐवजी लगदा होऊन पात्याला चिकटायला लागली. तशीच घातली.

मीठ दोन चमचे, भात एक वाटी, लसूण एक गड्डा, प्रेक पावडर चिमूटभर. हे मी एका पाककृतीतून जसंच्या तसं उचललं. हातानेच मळलं, प्लास्टिकच्या लांबट पिशव्यांत भरलं, रबरबँड लावले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलं. पाककृतीत लिहिलं होतं, तीन दिवस.

१२ डिसेंबर

सगळं फेकलं.

कापल्यावर रंग छान गुलाबी. वास फक्त कच्च्या लसणाचा. आंबटपणाचा पत्ता नाही. पीएचची पट्टी (आकडा जितका कमी, तितकं आंबट) लावली तर मटणाच्या लाल पाण्याने ती आधीच रंगली, पण साडेपाचच्या खाली काही नव्हतं एवढं कळलं. म्हणजे चार दिवस मटण ना थंड होतं, ना आंबट झालं. असलं मटण शिजवूनही खायचं नाही.

खिडकीशी थर्मामीटर ठेवून पाहिला. पहाटे १६ अंश, दुपारी २५. तीन दिवसांचा हिशेब आहे तो साधारण ३० अंशांचा, उन्हाळ्यातल्या किंवा बँकॉकच्या हवेचा. चियांग माईचा डिसेंबर त्यात बसत नाही. शेजारच्या मावशींना पिशवी दाखवली तर त्या म्हणाल्या, "थंडीत आमची आई चुलीच्या वर टांगायची. खिडकीत काय ठेवतोस?"

मीठही कमी पडलं होतं. तेच दोन चमचे काट्यावर टाकून पाहिले तर २२ ग्रॅम भरले, आणि मिश्रण दीड किलोच्या आसपास होतं. म्हणजे दीड टक्का. चिमूटभर नायट्राइट म्हणजे किती, ते आता कोण सांगणार.

२८० बाटला सोनारी काटा घेतला. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. या सगळ्या कामात हा खर्च पहिला करायला हवा होता.

१९ डिसेंबर

ऊब. बाजारात मासळीवाल्यांकडून थर्माकोलचा खोका २० बाटला घेतला. आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिलं. सुरुवातीला ४१ अंश, पहाटे २३. रात्री उठून बाटल्या बदलायची हौस एका रात्रीत फिटली.

मग पाळीव सरड्या-सापांच्या दुकानातून तापणारी चटई आणि थर्मोस्टॅट आणला, ४५० बाट. थर्मोस्टॅटवर ३० दिसतं, पण ते त्याचा सेन्सर जिथे आहे तिथलं. चटईला टेकलेल्या पाण्याच्या पिशवीत ३७ निघालं, समोरच्या कोपऱ्यात २७. हे मटण न घालता, नुसत्या पाण्याच्या पिशव्या भरून तपासलं ते बरं झालं. चटई तळाशी, तिच्यावर तारेची जाळी, जाळीवर पिशव्या, आणि जुन्या संगणकातला छोटा पंखा कोपऱ्यात. आता सगळीकडे २९ ते ३१.

२८ डिसेंबर

फक्त कातडी. नॅमची करकर हिच्यातून येते आणि वेळही हीच खाते, म्हणून एक सबंध सकाळ हिच्यावर घालवली.

कातडीचे एकाच पातेल्यात चार तुकडे टाकले आणि वेगवेगळ्या वेळी काढले. १५ मिनिटांची चामड्यासारखी, चावता चावत नाही. २५ मिनिटांची वाकते पण तुटत नाही, सुरीने स्वच्छ कापली जाते. ४० मिनिटांची खायला चांगली, पण पातळ कापताना ताणली जाते. तासाभराची म्हणजे ८ डिसेंबरचा लगदा व्हायच्या वाटेवर. मंद उकळीवर २५ ते ३० मिनिटं ही माझी वेळ. मांडीच्या जाड कातडीसाठी; पोटाची पातळ असते, तिला कमी पुरेल.

बाहेर काढली की लगेच थंड पाण्यात. मग उलटी पसरून आतली चरबी सुरीच्या पाठीने खरवडायची, शेवटचा पांढरा पापुद्रा जाईपर्यंत. चरबी राहिली तर खिमा कातडीला धरत नाही आणि कापताना काप सुटतात. खरवडलेली कातडी पुसून फ्रीजरमध्ये अर्धी कडक केली, तुकड्यांवर तुकडे रचले आणि दोन मिलिमीटरच्या काड्या कापल्या. अर्धा किलो कच्च्या कातडीच्या ३३० ग्रॅम काड्या निघाल्या. काड्या पंख्याखाली फडक्यावर कोरड्या करायच्या. पाणी नको.

बाजारात तयार काड्याही मिळतात आणि एवढा त्रास बघून आणाव्याशा वाटतात. एकदा आणल्या. त्यांना जलतरण तलावासारखा वास होता. धुतल्यावर वास गेला आणि पाणी आलं. परत नाही.

३ जानेवारी

आता सगळं वजनावर. चरबी आणि शिरा काढलेलं मटण ९०० ग्रॅम, कातडी ३५०, लसूण ९०, शिजवलेला चिकट भात १००. एकूण १४४० ग्रॅम. टक्केवारी या एकूण वजनावर काढायची, नुसत्या मटणाच्या वजनावर नाही. कातडी आणि भातही मीठ पितात.

मीठ अडीच टक्के म्हणजे ३६ ग्रॅम. प्रेक पावडर ०.२ टक्के म्हणजे २.८८ ग्रॅम. त्यातच २.७ ग्रॅम मीठ असतं, म्हणून साधं मीठ ३३.३ ग्रॅम घेतलं. या हिशेबात नायट्राइट किलोला १२५ मिलिग्रॅम पडतं. सुट्या मिठात प्रेक पावडर आधी नीट मिसळून मगच मटणावर भुरभुरवली, नाहीतर एका जागी साचते.

खिमा घरीच, मटण फ्रीजरमध्ये अर्धवट कडक करून. तो हाताला चिकटून ओढला जाईपर्यंत मळायचा, सुमारे दहा मिनिटं. बोटं बधिर होतात. मध्येच मटण कोमट झालं की भांडं परत फ्रीजमध्ये. कातडी शेवटी घालायची.

शोभेसाठी अख्ख्या छोट्या मिरच्या खोवल्या, बाजारातल्यासारख्या, देठासकट. खोका ३० अंशांवर.

६ जानेवारी

आंबट झालं! पिशवी उघडताच तो वास आला, लसूण आणि थोडं ताकासारखं.

पण कापल्यावर दोन लांबट पोकळ्या दिसल्या आणि त्यांच्या कडेला करडा-हिरवट रंग. हवा राहिली होती. मी पिशवी चमच्याने भरली आणि वरून दाबली. असं केल्याने वरची हवा जाते, मधली तिथेच राहते. मिरच्यांच्या देठापाशी बुळबुळीत पांढरं आलं होतं. भाताच्या गुठळ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या आणि तिथे चव सपक.

रंग बदललेल्या पिशव्या टाकल्या. बाकीचं फोडणीच्या कढईत अंडं घालून परतलं. पहिल्यांदा खाण्याजोगं.

पुढच्या वेळी काय बदलायचं ते मावशींनी हातानेच दाखवलं. मिश्रणाचा मुठीएवढा गोळा घ्यायचा, दोन तळव्यांत जोरजोराने आपटत फिरवायचा, मगच पिशवीत सोडायचा. पिशवी अरुंद हवी, गोळा घासत खाली जाईल अशी. मग वरून पीळ देत देत घट्ट करायचं, पिशवी टणक लागेपर्यंत, आणि पीळ न सोडता रबरबँडचे वेढे. माझ्या पिशव्या बोटाने दाबल्या की आत जात होत्या, त्यांच्या नाही. भात आधी लसूण आणि मिठाबरोबर खलबत्त्यात कुटून घ्यायचा. मिरच्यांचे देठ काढायचे.

१० जानेवारी: कच्चं की शिजवलेलं

इथे नॅम बहुतेक लोक तसंच खातात. शेंगदाणे, आल्याचे तुकडे, कच्च्या मिरच्या, कोबी, सोबतीला बिअर. मावशीही तसंच खातात. मी घरचं शिजवूनच खातो, आणि पाहुण्यांनाही तसंच देतो.

आंबटपणाने पुष्कळ जंतू मरतात, सगळे नाही. उत्तर थायलंडात कच्च्या डुकराच्या मटणातून स्ट्रेप्टोकॉकस सुइस नावाच्या जंतूची लागण होते. त्या तापाला इथले लोक 'खाय हू दाप' म्हणतात, कान विझवणारा ताप. बरे झालेल्यांपैकी काही लोक कायमचे बहिरे राहतात. कच्चा लाब (मसाला घातलेला खिमा) खाऊ नका असे फलक सरकारी दवाखान्यात लावलेले असतात ते यासाठी. हाताला जखम असेल तर खिमा मळताना हातमोजे घालायचे, हेही याचसाठी.

दुसरी भीती ट्रिकिनेला या कृमीची. थायलंडमधली त्याची पहिली नोंदलेली साथ १९६२ ची, इथून पश्चिमेला मे होंग सोन प्रांतातल्या मे सारियांगची. कारखान्यात वाढवलेल्या डुकरात ही भीती आता कमी, पण गावठी आणि रानडुकराचं मटण हौसेने आणणारे लोक आहेत. पाळीव डुकराच्या मटणातल्या कृमीवर उपाय गोठवण्याचा आहे (रानडुकराच्या बाबतीत त्यावर भरवसा नाही): १५ सेंटिमीटरपर्यंत जाडीचे तुकडे उणे १५ अंशांवर २० दिवस. माझा फ्रीजर उणे १७ दाखवतो, दाराच्या कप्प्यात नाही, आत तळाशी. गोठवल्याने जंतू मरत नाहीत हे मात्र लक्षात ठेवायचं. म्हणजे २० दिवस गोठवूनही शेवटी कढईच.

आज दोन किलो मटण पातळ तुकडे करून गोठवायला टाकलं.

१४ जानेवारी

पट्ट्यांचा नाद सोडला. पीएचचा पेन ६९० बाट, सोबत ४.०१ आणि ७.०० च्या द्रावणाच्या पुड्या. जुन्या उरलेल्या नॅमवर सराव.

पेन मटणात खुपसायचा नसतो. चरबी काचेवर बसते आणि आकडा रेंगाळत राहतो. दहा ग्रॅम नॅम, वीस मिली डिस्टिल्ड पाणी, मिक्सरमध्ये फिरवायचं, गाळून त्यात पेन.

४.५ आलं. खुश झालो. मग पेन ४.०१ च्या द्रावणात बुडवला तर ३.७ दाखवतो. खोक्यातून काढल्यावर तो जुळवूनच घेतला नव्हता. जुळवल्यावर तेच नॅम ४.८. माझी सीमा ४.६ आहे, त्याच्या वर असेल तर आंबवणं पूर्ण झालं असं मी धरत नाही, मग चव कितीही आंबट लागो. जीभ लसूण आणि मिरचीपुढे हरते.

प्रत्येक वेळी जुळवणं, हा नियम. दोन मिनिटांचं काम आहे.

२ फेब्रुवारी

गोठवलेलं मटण सोडवलं. पाणी भरपूर सुटलं. चाळणीत रात्रभर फ्रीजमध्ये निथळलं, फडक्याने दाबून कोरडं केलं. खिमा एरवीपेक्षा सैल वाटला, मळायला जास्त वेळ लागला.

विरजणाचा प्रयोग. आंबवणारे जंतू लसूण, भात, हात, भांडी यांवरून आपसूक येतात, पण कधी लवकर कामाला लागतात, कधी नाही. म्हणून सुपरमार्केटमधून तयार नॅम आणलं आणि त्यातले दोन चमचे एका भागात मिसळले, दुसरा भाग तसाच ठेवला. दोन्ही एका खोक्यात.

४ फेब्रुवारी

दोन्ही भाग अगदी बरोबरीने चालले आहेत, ५.२ आणि ५.२. विरजणाने काहीच केलं नाही. कचऱ्यातून पाकीट काढून वाचलं. कोपऱ्यात छोटं हिरवं वर्तुळ, आत पानासारखी खूण. किरणांची प्रक्रिया केल्याची ती निशाणी. थायलंडमध्ये साल्मोनेला मारण्यासाठी नॅमवर गॅमा किरणं सोडणं १९८० च्या दशकापासून चालू आहे. साल्मोनेलाबरोबर मला हवे होते ते जंतूही गेले. खायला ते पाकीट माझ्या नॅमपेक्षा सुरक्षित. विरजण म्हणून शून्य.

थायलंडच्या बायोटेक या सरकारी संशोधन केंद्राने खास नॅमसाठी विरजण तयार केलेलं आहे, पण ते उत्पादकांसाठी; दुकानात सुटं मिळालं नाही. बाजारातलं केळीच्या पानातलं ताजं चिन सोम वापरा, असं मावशी म्हणाल्या. त्यात चांगल्याबरोबर आणखी काय येईल ते मला दिसत नाही, म्हणून नको. बँकॉकहून सॉसेजसाठीचं पेडिओकॉकस, म्हणजे आंबवणाऱ्या जंतूंचं सुकवलेलं विरजण, मागवलं. घरगुती कामाला पाकीट फार मोठं आहे आणि स्वस्तही नाही, पण फ्रीजरमध्ये टिकतं.

आजचे दोन्ही भाग आणखी दीड दिवसाने ४.६ च्या खाली गेले.

१५ फेब्रुवारी

पेडिओकॉकस घालून. पाकिटावर सांगितलं तेवढंच, थोड्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवून. नळाचं पाणी नको, क्लोरिन असतं. या जंतूंना लगेच खायला म्हणून ग्लुकोज पावडर अर्धा टक्का. बाकी प्रमाण ३ जानेवारीचं. गोळे तळव्यावर आपटून, पिशव्या दगडासारख्या टणक.

सुरुवातीला ५.९. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ५.१. त्यानंतर रात्रीत ४.६ आणि सकाळी ४.५. लगेच फ्रीजमध्ये.

काप काळ्या दगडाच्या पाटावर ठेवून फोटो काढावा असा झाला: गुलाबी, कातडीच्या काड्या काचेसारख्या, एकही पोकळी नाही. करकर आहे. आंबटपणा मात्र जरा एकसुरी वाटला, बाजारातल्या चांगल्या चिन सोमला असते ती मागची खोली नाही. विरजण घातलं की भरवसा मिळतो, चव थोडी सपाट होते. मी भरवसा घेतला.

काप करून कांद्याच्या पातीसोबत अंड्यात परतले. दुसऱ्या दिवशी भाताचे तळलेले गोळे कुस्करून त्यात परतलेलं नॅम, शेंगदाणे, आलं, लिंबू, सुक्या मिरच्या: याम नॅम खाओ थोत. बायको म्हणाली, वसईला हे मिळालं असतं तर भेळेच्या गाड्या बंद पडल्या असत्या.

१० मार्च

धुराचे दिवस. डोंगर आणि शेतं पेटलेली, खिडक्या बंद, सुथेपचा डोंगर आठवडाभर दिसलेला नाही. घरात ३२ अंश, खोक्याची गरज संपली.

बरगड्यांचं नॅम केलं. छोट्या बरगड्या तीन सेंटिमीटरचे तुकडे करून आणल्या, मीठ, लसूण, भात. कातडी नाही, खिमा नाही, मळणं नाही, म्हणून सोपं वाटलं. हाडांच्या टोकांनी पिशवीला तीन ठिकाणी भोकं पाडली. ओट्यावर लाल पाणी, आत हवा. तो घाणा वाया गेला.

परत केलं तेव्हा कसायाला हाडं करवतीने कापायला सांगितली, कोयत्याने नाही. कोयत्याने टोकं निघतात. दुहेरी पिशवी. मीठही बदललं: हाड मीठ पीत नाही, त्यामुळे हाडासकट वजनावर अडीच टक्के घेतल्यास मटण खारट होतं. हाडासकट वजनाच्या दोन टक्के बरोबर पडले. प्रेक पावडरही त्याच बेताने कमी. मंद तेलात तळले, आतपर्यंत शिजेपर्यंत. खिम्याच्या नॅमपेक्षा घरात हेच जास्त संपतं.

११ एप्रिल

सोंगक्रानला (थाई नववर्षाला) मावशींच्या घरी न्यायचं म्हणून केळीच्या पानात. इथे तानी जातीच्या केळीची पानं घेतात, चिवट असतात. आपल्याकडे पान विस्तवावर फिरवून मऊ करतात तसंच केलं. आत प्लास्टिकचा पातळ थर, कारण पानाच्या शिरांतून हवा जाते. बाजारातही हल्ली बहुतेक असंच असतं.

बाहेर ३९ अंश. मी जुन्या सवयीने दोन दिवसांनी पाहायचं ठरवलं होतं. पाहिलं तेव्हा पीएच ४.१, पानात पाणी सुटलेलं, खिमा भुसभुशीत. खराब नाही, पण दात आंबतील इतकं आंबट. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच पेन काढायला हवा, आणि तेव्हापासून दर सहा तासांनी.

मावशींनी ते पानासकट निखाऱ्यावर टाकलं, चिन सोम मोक. पान जळून काळं होईपर्यंत भाजलं, उघडलं आणि वर कच्चा कांदा पसरला. भाजल्यावर आंबटपणा बराच उतरला. मी म्हटलं, जास्त आंबलंय. त्या म्हणाल्या, "जास्त भात घे बरोबर."

२० एप्रिल: हिशेब

एका घाण्याचा, साधारण दीड किलोचा खर्च: मटण १५५, कातडी ३५, लसूण १५, भात, मिरच्या, पिशव्या मिळून २५, पानं २०. म्हणजे अडीचशे बाट. बाजारात तेवढंच नॅम साडेतीनशेच्या आत-बाहेर मिळतं. वाचले शंभर. काटा, चटई, पेन, विरजण यांचे पैसे निघायला बराच काळ जाईल, आणि फेकलेल्या मटणाचा हिशेब मी यात धरलेला नाही.

वेळ: कातडी तीन तास, लसूण सोलणं पाऊण तास, खिमा आणि मळणं तास, भरणं तास. हे सगळं एका दिवशी करू नका. कातडी आदल्या दिवशी.

मेहुण्याने वसईहून विचारलंय, तिथे जमेल का. मटण कातडीसकट मिळतं, ऊब आयतीच आहे. तांदूळ कुठला हा प्रश्न आहे. ईशान्य भारतातला चिकट तांदूळ मुंबईत शोधला तर सापडतो, नाहीतर साधा भात मऊ शिजवून चालेल, आंबवण्यात त्याने अडत नाही. त्याला लिहिलं: आधी काटा घे, मग पेन घे, मटण आज गोठव आणि २० दिवसांनी फोन कर. पिशवी किती टणक हवी ते व्हिडिओवर दाखवतो.